पेटीतले मणी, टोपलीतले चिंचोके

(नागपूर येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देणग्यांतून मागच्या वर्षी आम्ही गणिताच्या पेट्या घेतल्या. त्यांत रंगीत मणी, ठोकळे आणि अंकांची कार्डे होती. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूच्या गोंड कुटुंबांत त्या घरोघरी दिल्या. लहान मुलांनी खेळता खेळता मोजायला शिकावे, एवढाच हेतू.

दोन महिन्यांनी मी एका घरी गेले आणि पेटीची चौकशी केली. आई म्हणाली, "आहे नं ताई, वर ठेवली. पोरीनं मणी हरवले तं तुमाले काय सांगाव?" पेटी पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेली होती. तिच्यातला एक मणीही कमी झाला नव्हता, कारण पेटी उघडलीच नव्हती.

मी एक पेटी खाली उतरवली, मुलीला जवळ बोलावले आणि म्हटले, "मला पाच मणी दे बरं." ती गप्प उभी राहिली. मी नोंदवहीत लिहिले, 'मोजता येत नाही.'

चहा होईपर्यंत मी ओसरीवर बसले. तिथे तीच पाच वर्षांची मुलगी आजीबरोबर एकी-बेकी खेळत होती. आजीने मुठीत चिंचोके लपवले. मुलगी म्हणाली, "बेकी." मूठ उघडली. मुलीने दोन-दोन चिंचोके बाजूला लावले. तीन जोड्या झाल्या आणि एक उरला. "एकी!" असे म्हणत तिने हरल्याचा एक चिंचोका आजीला दिला. आजी गोंडीत मोजू लागली, "उंदी, रंड, मूंड, नालुंग..." आणि नातही तिच्यामागे एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत गेली.

बंधुभगिनींनो, त्या मुलीला मोजता येत होते. तिला माझी भाषा, माझी पेटी आणि मी, हे तिन्ही परके होते. मी नोंदवहीतली ती ओळ खोडली.

आपल्या घरची मुले शंभरापर्यंत घडाघडा म्हणतात आणि आपल्याला कौतुक वाटते. पण पाच पाहुण्यांसाठी पाच ताटे आणायला सांगून पाहा. प्रत्येक माणसामागे एक ताट, प्रत्येक शब्दामागे एक वस्तू, हे जुळले म्हणजे मोजणे आले. ते पाठांतराने येत नाही, हाताने येते.

हे काही मी शोधलेले नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडला, वारली वस्तीत गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, बिया, शिंपले, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली.

त्या आईचेही सांगते. ती मला म्हणाली होती, "मी अडाणी, मी काय शिकवू?" पण उन्हाळ्यात हीच बाई तेंदूपत्ता तोडते. एका पुड्यात सत्तर पाने लागतात. ती पाच-पाच पानांनी मोजते, चौदा वेळा. कमी भरलेला पुडा फडीवर चालत नाही, म्हणून तिची मोजणी चुकत नाही. मुलगी शेजारी बसून हे सगळे पाहते. त्या घरात गणित आमच्या आधीच पोहोचले होते.

आता आमची पद्धत बदलली आहे. पहिल्याच भेटीत आम्ही आईसमोर पेटी उघडतो आणि मणी टोपलीतल्या चिंचोक्यांत मिसळतो. हरवले तर हरवले, हिशेब मागणार नाही, असे स्पष्ट सांगतो. आजीला तिच्या लहानपणीचे खेळ विचारतो आणि तिच्याच भाषेत मोजायला सांगतो. एक काळजी मात्र घ्यायला लावतो. तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती मणी किंवा चिंचोका जाऊ द्यायचा नाही, कारण तो घशात अडकतो.

म्हणून यंदा माझी विनंती वेगळी आहे. पेटीचा फोटो छान येतो, आणि पेटीसाठी देणगी मिळतेही. पण पेटी फळीवरून खाली यायला कोणीतरी पुन्हा पुन्हा त्या घरी जावे लागते. त्या सेविकेच्या प्रवासासाठी आणि मानधनासाठी द्या.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्व जाणतो. शंभरांतले एक कमी आहे हे त्या मेंढपाळाला कळले, कारण तो रोज मोजत होता. ज्यांच्यावर जीव असतो त्यांना आपण मोजतो. आमच्या नोंदवहीतून एक मूल चुकून सुटत होते. आपल्या प्रार्थनेतून आणि दानातून एकही सुटू नये.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.