कार्य पार पाडणाऱ्यांची मिळकत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय मला कार्यवाहबाईंनी दिला असे कार्यक्रमपत्रिकेवर छापले आहे. खरे म्हणजे तो आपल्या भिशीत जन्माला आला. माझी सून लग्नकार्यांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करते हे आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे. दोन महिन्यांपूर्वी भिशीत बोलणे निघाले, की ती एकेका लग्नात वीस वीस लाख मिळवते! ते ऐकून एका वहिनींनी आपल्या लेकीला बँकेतली नोकरी सोडून याच धंद्यात घालायचे मनात आणले. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, "लोकांच्या लग्नात रात्री बारापर्यंत राबायचे, ही काय रीत झाली? अशा मुलीला स्थळ कोण आणील?" एकीला नुसता पैसा दिसतो, दुसरीला नुसती धावपळ. मी तीस वर्षे एका कचेरीत हिशेबनीस होते आणि निवृत्त झाल्यापासून सुनेच्या व्यवसायाची वही मीच लिहिते. तेव्हा या दोघींनाही उत्तर द्यायला माझ्याइतकी सोयीची बाई दुसरी सापडणार नाही, असे कार्यवाहबाईंना वाटले असावे.

इव्हेंट मॅनेजमेंट हा शब्द नवा असला तरी काम आपल्या घरात जुनेच आहे. प्रत्येक घराण्यात एक तरी काकू किंवा आत्या अशी असे, की कार्य निघाले म्हणजे आधी तिला बोलावणे जाई. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. आचाऱ्याला तूप किती काढून द्यायचे, व्याह्यांकडच्या कोणत्या मामंजींना आधी पाट द्यायचा, मुहूर्ताला अंतरपाट कुठे आहे, हे सारे तिच्या डोक्यात. चार दिवस तिला जेवायला सवड नसे. कार्य झाले की तिला एक लुगडे मिळे आणि "तुम्ही होता म्हणून निभावले" हे वाक्य मिळे. आज हेच काम करणारी मुलगी जेव्हा दोन लाखांचे दरपत्रक पुढे ठेवते, तेव्हा यजमानांच्या कपाळाला आठी पडते. मांडवाचे पैसे देताना पडत नाही, फुलांचे देताना पडत नाही. कारण मांडव दिसतो, फुले दिसतात. ज्या कामाला आपण पिढ्यान् पिढ्या मोल दिले नाही, त्याला मोल आहे हे मान्य करणे जड जाते. या धंद्यातील मिळकतीबद्दल मी पुढे जे सांगणार आहे, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

व्यवसाय म्हणून याला आकार आला तो मात्र लग्नांमुळे नव्हे, मोठमोठ्या समारंभांमुळे. मुंबईत १९८८ साली 'विझक्राफ्ट' ही संस्था निघाली, नंतर अशा अनेक निघाल्या, आणि २००८ साली या व्यावसायिकांनी आपली अखिल भारतीय संघटनाही स्थापन केली. लग्ने या लोकांच्या हाती सोपवण्याची चाल मध्यमवर्गात त्यानंतर रुळली.

आता मिळकतीकडे वळू. या धंद्यात पैसे मिळवण्याच्या वाटा तीन. पहिली, मोठ्या संस्थेत मासिक पगारावर राहण्याची. नवख्या मुलीला तिथे पगार बेताचाच असतो. वाढतो तो वर्षे मोजून नव्हे, तर तिच्या शब्दावर गिऱ्हाईक पुन्हा येऊ लागले म्हणजे. दुसरी वाट रोजावर काम करण्याची: ज्या दिवशी कार्य त्या दिवशी पैसे, नाही त्या दिवशी घरी. कॉलेजातल्या मुलींना ती बरी. संसार तिच्यावर चालत नाही. तिसरी वाट स्वतःच्या धंद्याची, आणि भिशीतली चर्चा तिच्याबद्दल होती, म्हणून तिच्यापाशी मी जरा थांबते.

वहीतली खासगी पाने मी इथे वाचणार नाही. समजायला सोपे असे एक उदाहरण घेते. समजा, एका लग्नाचा सगळा खर्च २० लाख रुपये आहे. कार्यालय, जेवण, सजावट, छायाचित्रे, सनई, गाड्या, सगळे त्यात आले. व्यवस्थापनाचे शुल्क साधारणपणे एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के मागितले जाते. आपण १० टक्के धरू. म्हणजे शुल्क झाले २ लाख. भिशीतले वीस लाख ते हे! त्यांतले १८ लाख आचाऱ्याचे, मांडववाल्याचे आणि कार्यालयाचे आहेत.

पण ते २ लाखही घरी येत नाहीत. लग्नाच्या तीन दिवसांचे मदतनीस, त्यांचे जेवणखाण, रात्री मुलींना घरी पोहोचवायच्या गाड्या, चार महिन्यांच्या खेपा, यांत ४२ हजार गेले असे धरा. उरले १ लाख ५८ हजार. आता कचेरीचे भाडे, एका कायम साहाय्यिकेचा पगार, हिशेब तपासनीस, विमा, जाहिरात. हा खर्च लग्न असो वा नसो, चालूच राहतो. वर्षाचा तो ६ लाख ८० हजार धरू.

वर्षात अशी दहा लग्ने मिळाली, तर दहा वेळा १ लाख ५८ हजार म्हणजे १५ लाख ८० हजार. त्यांतून कायमचा खर्च वजा केला की ९ लाख उरतात, महिन्याला ७५ हजार. चांगली मिळकत आहे, नाही म्हणू नये. पण दहाऐवजी सहाच लग्ने मिळाली तर? मिळाले ९ लाख ४८ हजार, वजा ६ लाख ८० हजार, उरले २ लाख ६८ हजार. महिन्याला बावीस हजारांच्या आसपास. लग्ने निम्म्याहूनही जास्त राहिली आणि मिळकत तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेली! लेकीला बँकेतून काढायचे म्हणणाऱ्या वहिनींनी ही दोन वाक्ये घरी जाऊन पुन्हा एकदा मांडून पाहावीत.

मग दहाची सहा कशाने होतात? आपल्याकडे याचे पहिले उत्तर पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. बहुतेक घरांत तेव्हा लग्न नाही. पौषात पुष्कळ घरे लग्न करीत नाहीत. अधिक मास आला की तोही गेला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणजे ऐन मे-जूनचा महिना त्यात जातो. २०२४ साली तर मे आणि जूनमध्ये गुरू आणि शुक्र या दोहोंचे अस्त आले आणि उन्हाळ्यातले मुख्य मुहूर्तच नाहीसे झाले. कचेरीचे भाडे घेणाऱ्या मालकाला शुक्राचा अस्त सांगून काही उपयोग होत नाही. याउलट मार्गशीर्षात एकाच दिवशी गावातल्या सगळ्या कार्यालयांत सनई वाजत असते, आणि एक माणूस एका दिवशी एकाच मांडवात उभे राहू शकते. म्हणून चांगल्या मुहूर्ताचा दर जास्त असतो. तो लोभ नाही. रिकाम्या चार महिन्यांची ती बेगमी आहे.

चातुर्मासातली पोकळी भरून काढण्यासाठी माझी सून कंपन्यांची संमेलने आणि प्रदर्शने घेते. तिथे मुहूर्त लागत नाही, पण पैसा उशिरा येतो. लग्नाच्या घरून विसार आधी मिळतो. कंपनी काम झाल्यावर बिल मागते आणि बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. फुलवाला मात्र संध्याकाळी दारात उभा. अशा वेळी ज्या मुलीच्या गाठीला चार पैसे आहेत तीच टिकते, आणि बापाच्या किंवा नवऱ्याच्या आधारावाचून आलेली हुशार मुलगी मागे पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लहान उद्योगांसाठी २००६ साली एक कायदा झाला आहे. आपल्या उद्योगाची सरकारी नोंदणी केलेली असेल, तर गिऱ्हाइकाने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. दर वेळी कोर्टकचेरी कोण करणार, हे खरे. पण बिलाच्या तळाशी तेवढी ओळ छापली, की टेबले जरा भराभर हलतात.

कराचाही एक मुद्दा हिशेबनीस म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते, आणि या कामावर कर १८ टक्के आहे. आता फुलांचे, जेवणाचे, सनईचे सगळे पैसे स्वतःच्या बिलात घेतले, तर एकाच लग्नात ती मर्यादा गाठली जाते, मिळकत मात्र तेवढीच. म्हणून आमच्याकडे यजमान आचाऱ्याचे पैसे आचाऱ्यालाच देतात आणि सुनेचे बिल फक्त तिच्या शुल्काचे असते. २ लाखांवर कर झाला ३६ हजार. "बिल नको, रोख घ्या" असे सांगणारी मंडळी भेटतात, चांगल्या घरची असतात. आम्ही बिल देतो. काही कामे त्यामुळे गेली, ती जाऊ दिली.

यानंतरचा विषय जरा नाजूक आहे. काही व्यावसायिक शुल्क अगदी कमी सांगतात, चार-पाच टक्के, कधी काहीच नाही. मग ते जगतात कशावर? मांडववाला, फुलवाला, छायाचित्रकार त्यांना मागच्या दाराने वाटा देतो, आणि तो वाटा यजमानांच्याच बिलात मिसळलेला असतो. या व्यवहाराला धंद्यात कोणी फारसे वावगे मानत नाही; मी मानते. फुले शिळी आली तर जिने फुलवाल्याकडून पैसे घेतले आहेत ती त्याला काय बोलणार? माझे तर आपणां सर्वांना सांगणे आहे, की घरात कार्य निघाले आणि व्यवस्था दुसऱ्याकडे द्यायची झाली, तर "तुम्हांला बाकीच्यांकडून काही मिळते का?" हे सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या. जास्त शुल्क सांगणारी बाई पुष्कळदा एकूण हिशेबात स्वस्त पडते.

शुल्क एकीला १० टक्के आणि दुसरीला १५ टक्के का मिळते, हेही पुष्कळ जणी विचारतात. शहर, ओळखी, इंग्रजी-हिंदी बोलण्याची सफाई, यांचा वाटा आहेच. गोव्याला किंवा उदेपूरला लग्न नेणाऱ्यांचे दर वेगळे. पण माझ्या मते मुख्य फरक अंगावर घेतलेल्या जबाबदारीचा. वैशाखात वळीव येऊन मांडव भिजला तर पुढे काय? वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही तर? रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करायचा असतो. वरात दहाला पाच मिनिटे असताना दारात आली, तर तो बंद करायला नवरदेवाच्या मित्रांना सांगायचे कोणी? या प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर असणारीला लोक जास्त पैसे देतात, आणि द्यावेतच. एका लग्नात ऐन वेळी आचाऱ्याची गाडी घाटात अडकली होती. सुनेने दुसरा आचारी सांगून ठेवला होता, पहिली पंगत वीस मिनिटे उशिरा बसली, पाहुण्यांना कळलेही नाही. याच घराने पुढे "आम्हांला कुठे काही अडचण आली?" असे म्हणून शेवटचा ४० हजारांचा हप्ता दिला नाही! तेव्हापासून शेवटचा हप्ता हळदीच्या आदल्या दिवशी घ्यायचा, असे करारात लिहिले आहे.

आणि कोरोनाचा काळ आपण विसरलेल्या नाही. मार्च २०२० मध्ये सारे बंद झाले, मग पन्नास माणसांत लग्ने, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास. त्या दोन वर्षांत आमच्या वहीत कित्येक पाने जमेच्या बाजूला कोरी आहेत. सुनेबरोबर रोजावर येणाऱ्या मुलींपैकी एकीने डबे सुरू केले, एक शिकवण्या घेऊ लागली. दोघीही परत आल्या नाहीत. वर्षभराचा घरखर्च निराळा काढून ठेवल्याशिवाय या धंद्यात उतरू नये, असे मी म्हणते ते त्या कोऱ्या पानांवरून.

स्थळाची काळजी करणाऱ्या ताईंना एवढेच सांगते: रात्री बारा वाजता सून घरी येते तेव्हा दार मी उघडते आणि गरम आमटी मी वाढते. तिने अशा रात्री काम केले नसते, तर गेल्या साली नातीच्या शाळेची फी आणि यजमानांच्या डोळ्याचे ऑपरेशन एकाच महिन्यात आम्हांला झेपले नसते.

शेवटी घरातलीच एक गोष्ट बोलते, अध्यक्षबाईंनी राग मानू नये. आजच्या समारंभाचा खर्च मी पाहिला. मांडव, ध्वनिवर्धक, अल्पोपाहार, हार, सगळ्यांची बिले आहेत. गेला दीड महिना ज्या तीन मुलींनी परवानगीपासून खुर्च्यांपर्यंत सगळे जमवले, त्यांच्या नावापुढे 'श्रीफळ व ब्लाउजपीस' असे लिहिले आहे. त्यांतल्या दोघी याच कामावर पोट भरू पाहणाऱ्या आहेत. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात 'संयोजन' असे स्वतंत्र सदर घालावे आणि समारंभाच्या एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम त्यात धरावी, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. तिला अनुमोदन हवे आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. चहाला जाताना सही करून जावे.