थकवा म्हणजे थायरॉईडच का?



सकाळपासून चौघीजणी म्हणाल्या, "अंगात दमच नाही गं, थायरॉईड असेल." असेलही, टीएसएच तपासाच. पण तुळजाभवानीच्या नवरात्रात नऊ दिवस वाटीभर भगर आणि चहावर काढले, की शरीर शक्ती वाचवायला टी-थ्री हे हार्मोन आपणच कमी करतं. ताणाने वाढलेलं कॉर्टिसॉलही तेच करतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर ताणाला नवरात्रही लागत नाही! म्हणून जेवण-झोप रुळावर आल्यावर तपासा. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्हही बघा. आपल्या बायकांचा थकवा पुष्कळदा तिथेच सापडतो. शेजारणीची गोळी घेऊ नका. स्वतःची चालू असेल तर उपवासातही सोडू नका. ती उपाशीपोटीच घ्यायची असते, चहाआधी निदान अर्धा तास.