उरलेला भार कोणाच्या अंगावर?

(जुन्या इंजिनांच्या फिरत्या भागांचा तोल साधण्याविषयी म्हैसूर येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



म्हैसूर स्थानकाजवळचे रेल्वे संग्रहालय आपण सर्वांनी पाहिले. १९७९ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात वाफेची इंजिने आहेत, महाराणींचा सलून डबा आहे आणि ऑस्टिन मोटारीला रुळांची चाके बसवून केलेली एक छोटी गाडीही आहे. असे जुने मोटारीचे इंजिन पुन्हा चालते करायचे तर काय करावे लागते, असा प्रश्न काही साथींनी विचारला. सगळे उत्तर द्यायला एक दिवस पुरणार नाही. म्हणून त्यातला एकच भाग आम्ही आज मांडणार आहोत. तो म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या आणि वरखाली होणाऱ्या भागांचा तोल.

हे काम बाहेरून दिसत नाही. रंग दिसतो, पितळेची झिलई दिसते. तोल साधला आहे की नाही हे मात्र इंजिन फिरू लागल्यावरच कळते, आणि बहुधा उशिरा कळते.

दहा ग्रॅमचा हिशेब

क्रँकच्या मध्यापासून पाच सेंटिमीटर अंतरावर एका बाजूला फक्त दहा ग्रॅम वजन जास्त आहे, असे समजा. दहा ग्रॅम म्हणजे एखाद्या जड नाण्याएवढे वजन. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर हे दहा ग्रॅम क्रँकला सुमारे सव्वा किलोच्या जोराने बाहेर ओढतात. फेरे ३००० झाले की तोच ओढा पाच किलोंचा होतो आणि ६००० फेऱ्यांना वीस किलोंचा. वेग दुप्पट तर ओढा चौपट, हा नियम आहे. शिवाय हा ओढा एका दिशेने स्थिर नसतो. ३००० फेऱ्यांना तो सेकंदाला पन्नास वेळा बेअरिंगभोवती फिरतो.

जुन्या इंजिनांत हे जास्त बाधते, कारण त्यांतली बहुतेक बेअरिंगे व्हाइट मेटल ओतून केलेली असतात. ॲक्सल बॉक्सच्या ब्रासवर व्हाइट मेटल ओतणाऱ्यांना हा धातू ठाऊक आहे. तो मऊ असतो आणि तेल असेल तोवर चांगली साथ देतो. पण सतत ठोके बसले की त्याला बारीक तडे जातात आणि त्याचे तुकडे सुटू लागतात. नवे बेअरिंग दुकानात मिळण्याचे दिवस गेले. पुन्हा ओतणारा कारागीर शोधावा लागतो.

काम कसे करायचे

पहिली गोष्ट, तोल सर्वांत शेवटी साधायचा. क्रँकला तडा नाही ना, तो वाकलेला नाही ना, हे आधी तपासायचे. घासणे, बोअर करणे, बेअरिंग बसवणे ही सगळी कामे आधी उरकायची. तोल साधल्यावर धातू काढला तर आधीचे कष्ट वाया जातात.

दुसरी गोष्ट पिस्टनची. प्रत्येक पिस्टन त्याच्या रिंगा आणि पिन यांच्यासह एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचा. सर्वांत हलका कोणता ते पाहायचे आणि बाकीचे त्याच्या बरोबरीला आणायचे. जास्तीचा धातू पिस्टनच्या आतल्या बाजूने, खालच्या काठाजवळून काढायचा. माथ्याला आणि रिंगांच्या खाचांजवळ हात लावायचा नाही. काढलेला धातू परत लावता येत नाही, म्हणून थोडे काढावे, पुन्हा तोलावे आणि मगच पुढे जावे.

तिसरी गोष्ट कनेक्टिंग रॉडची. इथे नवशिके चुकतात. चारही रॉडांचे एकूण वजन सारखे भरले म्हणून काम झाले असे नाही. रॉडचे मोठे टोक क्रँकबरोबर गोल फिरते आणि लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली जाते. म्हणून दोन्ही टोके वेगवेगळी तोलावी लागतात. एक टोक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या टेकूवर ठेवायचे. रॉड अगदी आडवा हवा. मोठी टोके मोठ्यांशी जुळवायची, लहान लहानांशी. घासताना रॉडच्या लांबीच्या दिशेने घासायचे. आडवा ओरखडा राहिला तर पुढे त्याच जागी रॉड तुटतो.

चौथी गोष्ट क्रँक आणि फ्लायव्हीलची. दोन सपाट, समांतर धारांवर क्रँक ठेवला की जड बाजू आपोआप खाली येते. हा झाला स्थिर तोल. पण एका टोकाला एका बाजूस आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूस सारखेच वजन जास्त असेल, तर क्रँक धारांवर शांत राहील आणि फिरताना मात्र घुसळल्यासारखा डोलेल. हा दोष फिरवूनच कळतो. त्यासाठी डायनॅमिक बॅलन्सिंगचे यंत्र लागते. ट्रॅक्शन मोटरच्या आर्मेचरवर काम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

शेवटी फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेट क्रँकला जोडून तपासायची आणि कोणता भाग कोणत्या जागी होता याची पंचाने खूण करायची. मेल मोटरच्या मेकॅनिक साथींनी हे विशेष लक्षात ठेवावे. क्लच बदलताना खूण न पाहता प्लेट बसवली, तर तोललेले इंजिनही थरथरू लागते.

जे जुळत नाही त्याचे काय?

इतके सगळे केल्यावर तोल पूर्ण साधतो का? नाही. आमच्या मते या विषयातला खरा धडा इथेच आहे.

चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. त्यामुळे मुख्य ओढा एकमेकांत मिटतो. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टन खालच्या अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त अंतर कापतो. म्हणून थोडा ओढा उरतो आणि तो दर फेऱ्याला दोनदा हादरा देतो. शिवाय बाहेरून मिटलेला ओढा आतून क्रँकला वाकवत असतोच. ऑस्टिन कंपनीच्या १९२२ साली आलेल्या 'सेव्हन' या छोट्या मोटारीत क्रँकला पुढे आणि मागे अशी दोनच मुख्य बेअरिंगे होती. मधे आधार नसल्याने जास्त वेगाला क्रँक मधल्या भागात वाके. १९३६ साली मधले बेअरिंग आले तेव्हा त्याला आधार मिळाला. नुसते वजन जुळवून भागत नाही, आधारही योग्य जागी लागतो.

एका सिलिंडरच्या इंजिनाचे उदाहरण याच गावातले आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझ्दी मोटारसायकली तयार झाल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. त्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांची इंजिने दुरुस्त करणारे हातही अजून आहेत. २५० सी. सी.च्या त्या इंजिनात एकच पिस्टन. त्याच्या विरुद्ध जाणारा दुसरा नाही. पिस्टनच्या पूर्ण वजनाएवढा प्रतिभार क्रँकवर ठेवला तर वरखालीचा हादरा बराचसा जातो, पण तेवढाच हादरा पुढेमागे सुरू होतो. म्हणून अशा इंजिनात साधारण अर्ध्या वजनाचा प्रतिभार देतात आणि उरलेला हादरा दोन दिशांना वाटून टाकतात. मूळचा पिस्टन काढून वेगळ्या वजनाचा बसवला की ही वाटणी बिघडते.

वाफेच्या इंजिनात हीच वाटणी रुळांपर्यंत जाते. मोठ्या चाकाच्या कडेला चंद्रकोरीसारखा भार आपण पाहिला. पिस्टन आणि रॉड यांचा पुढेमागे होणारा झटका कमी करण्यासाठी तो वाढवला, तर चाक फिरताना तो भार दर फेऱ्याला एकदा रुळावर हातोड्यासारखा आदळतो. तो कमी ठेवला, तर झटका इंजिनाच्या जोडाला आणि ड्रायव्हर-फायरमनच्या अंगाला बसतो. या आदळण्याने पुलांना किती धोका आहे हे तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये १९२३ साली आल्फ्रेड युइंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९२८ साली आला. पुलावर नुसते इंजिनाचे वजन येत नाही, त्याच्या तोलातील दोषही येतो, हे त्या कामातून मोजमापासह पुढे आले.

म्हणजे तोल पूर्ण साधत नाही तेव्हा उरलेला भार नाहीसा होत नाही. तो बेअरिंगवर टाकायचा, रुळावर टाकायचा की माणसाच्या अंगावर, हे कोणीतरी ठरवत असते. कोणी ठरवले नाही, तर जो सर्वांत मऊ असेल त्याच्यावर तो जातो. बहुतेक वेळा तो माणूसच असतो.

हातांचा प्रश्न

थरथरणारे हत्यार रोज हातात धरणाऱ्याच्या बोटांतील रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत बोटे पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे पकड जाते. अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील दगडाच्या खाणींत हवेच्या दाबाची हत्यारे वापरणाऱ्या कामगारांचे हात तपासून १९१८ साली याची नोंद केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य रोगांच्या २०१० च्या यादीत कंपनामुळे होणाऱ्या विकारांचा समावेश आहे.

मोटारीच्या इंजिनाने लगेच असे होते असे आम्ही म्हणत नाही. मुख्य धोका हातात धरायच्या यंत्रांचा आहे. ग्राइंडर, रूळ कापायचे यंत्र, खडी ठोकायचे टॅम्पर, ही ती यंत्रे. पण हिशेब तोच. ग्राइंडरचे चाक एका बाजूने झिजले, तर ते क्रँकवरच्या दहा ग्रॅमसारखेच वागते. ते चाक बदलायला पाच मिनिटे लागतात. बिघडलेला हात बदलता येत नाही.

आपण काय करावे?

आमच्या तीन सूचना आहेत. एक, तोल साधणे हे उरल्या वेळात करायचे काम समजू नये. जॉब कार्डावर त्याची वेगळी ओळ आणि वेगळा वेळ मागून घ्यावा. दोन, प्रत्येक वजन वहीत लिहावे. कोणत्या पिस्टनचे किती ग्रॅम, कोठून किती काढले, कोणत्या खुणेवर बसवले, हे सगळे त्यात यावे. अनुभवी फिटर निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हातातले ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. वही मागे राहते. तीन, अप्रेंटिस मुलांना पहिल्या वर्षीच काट्यासमोर बसवावे. कान आणि हात तयार व्हायला वर्षे लागतात. वजन करणे आठ दिवसांत शिकता येते आणि तिथूनच सुरुवात होते.

आणि यंत्र थरथरू लागले की "चालतंय तोवर चालू दे" असे कोणी म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे की हा उरलेला भार आत्ता कोणाच्या अंगावर आहे?