कमानीचा दगड

श्रोतेहो, शिंपल्यांवर बोलायला एका कवीनं यावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी कोकणातला. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे शब्द मला शाळेच्या पुस्तकाआधी स्वयंपाकघरात भेटले. आजची गोष्ट मात्र फार दूरच्या किनाऱ्यावरची आहे.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिकच्या काठी, मकाह नावाच्या आदिवासींची भूमी आहे. १९६३ साली रॉबर्ट पेन नावाचा तीस वर्षांचा प्राध्यापक पहार घेऊन तिथल्या खडकांवर उतरला. खडकाचा जेमतेम आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा त्यानं निवडला. त्यावरचे जांभळे-नारिंगी तारामासे तो पहारीनं उचकटायचा आणि समुद्रात फेकून द्यायचा. पुन्हा आले की पुन्हा फेकायचा. शेजारचा तसाच एक पट्टा त्यानं मुद्दाम हात न लावता ठेवला.

हा तारामासा दिसायला शोभेचा, पण मोठा खादाड. शिनाण्याच्या शिंपा जरा विलग झाल्या, की आपलं पोटच तोंडावाटे बाहेर काढून त्या फटीत सारतो आणि आतला जीव तिथल्या तिथे पचवतो. असा मारेकरी हटवला, तर बाकीच्यांचं भलंच होईल, असं कुणालाही वाटेल.

झालं उलटंच. भरती-ओहोटीच्या खडकावर अन्न पाण्याबरोबर वाहत येतं. टंचाई असते ती जागेची. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको! तारामासे गेल्यावर आधी बार्नॅकल नावाच्या, खडकाला घट्ट चिकटणाऱ्या कवचधारी जीवांनी जागा बळकावली. मग शिनाण्यांनी त्यांनाही दाबून टाकलं. शेवाळं गेलं, त्यावर चरणारे गेले. १९६६ साली पेननं हिशेब मांडला : जिथे पंधरा जाती नांदत होत्या, तिथे आठच उरल्या होत्या. शेजारच्या पट्ट्यातला मोहल्ला जसाच्या तसा गजबजलेला होता.

शिनाण्यांना मी दोष देत नाही. मिळेल तितकी जागा व्यापणं हा त्यांचा धर्म. त्यांच्या दाट गादीतही कितीतरी बारीक जीव आसरा घेतात. पण त्यांना आवर घालणारं कुणी नसलं, की खडक एकाच रंगाचा होतो.

१९६९ साली पेननं अशा प्राण्यासाठी गवंड्यांच्या भाषेतला एक शब्द घेतला. कमानीच्या माथ्यावर एक पाचरीसारखा दगड असतो. जुन्या मशिदीच्या, वाड्याच्या, पुलाच्या कमानीत तो पाहा. इतर दगडांहून तो मोठा असतोच असं नाही, पण तो काढला की सगळी कमान ढासळते. तारामासा हा त्या खडकावरचा कमानीचा दगड होता. कवी म्हणून मला या उपमेचा हेवा वाटतो.

उपमा चांगली असली, तरी शास्त्रज्ञ तिच्यावर विसंबून राहत नाहीत. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ब्रूस मेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. १९९४ साली त्यांनी दाखवलं, की लाटांचा मारा असलेल्या जागी तारामाशाची हुकमत मोठी असते, आडोशाच्या जागी ती बरीच कमी होते. म्हणजे कमानीचा दगड कोणता, हे प्रत्येक किनाऱ्यावर बसून नव्यानं पाहावं लागतं. पेन स्वतः टटूश नावाच्या बेटावर कित्येक दशकं असंच पाहत राहिला. २०१६ साली तो गेला.

त्याच्या हयातीतच, २०१३ साली, पेननं पहारीनं केलं ते एका रोगानं हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर करायला घेतलं. वीसेक जातींच्या तारामाशांचे हात गळू लागले, अंग विरघळू लागलं. असे अब्जावधी तारामासे मेले. सूर्यफुलासारख्या दिसणाऱ्या एका मोठ्या जातीत या रोगाचं मूळ २०२५ साली सापडलं : पटकीच्या जंतूचा एक भाऊबंद. सापडायला बारा वर्षं लागली.

श्रोतेहो, आपण किनारा मोजतो तो बाजाराच्या तराजूनं. शिनाण्यांना भाव आहे, कालवांना भाव आहे, म्हणून त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. तारामाशाला कुणी टोपलीत घालत नाही. जाळ्यात आला, तर वाळूवर भिरकावला जातो. पण मकाहच्या खडकावर पंधरा जातींना एकत्र नांदवत होता तो हाच, बिनभावाचा.

पेननं दगड काढून पाहिला तो आठ मीटरच्या पट्ट्यात, आणि शेजारी तुलनेला दुसरा पट्टा शाबूत ठेवून. जेटीसाठी, रस्त्यासाठी एखादा कातळ आपण फोडतो, खाडी बुजवतो, तेव्हा शेजारी असा पट्टा राखलेला नसतो. म्हणून फोडण्याआधी एक-दोन वर्षं ओहोटीला तिथे जाऊन बसावं. कोण कुणाला खातं, कोण कुणाला जागा देतं, ते लिहून ठेवावं. या कामाला पहार लागत नाही, वही पुरते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)