थोडक्या खर्चांत विजेच्या गिटारीची सुधारणा

वाद्य बेसूर बोलूं लागलें म्हणजे दोष वाद्याचा कीं वाजविणाराचा, हें अनुभवी वादकास तेव्हांच कळतें. नवशिक्यास तें कळत नाहीं. धुळ्यास पांझरा नदीच्या पलीकडे देवपूर म्हणून जें उपनगर आहे, तेथें शाळा-महाविद्यालयें पुष्कळ, आणि बाहेरगांवाहून शिकावयास आलेले विद्यार्थीहि पुष्कळ. असा एखादा विद्यार्थी महिन्याच्या खर्चांतून चार पैसे वांचवून विजेची गिटार घेतो. ती बहुधा स्वस्तांतली किंवा दुसऱ्यानें वापरलेली असते. पहिले आठ दिवस उत्साहांत जातात. पुढें तारा सुरांत राहीनातशा होतात, बोटें दुखूं लागतात, ध्वनिवर्धकांतून अखंड गुणगुण ऐकूं येते. मग तो दोहोंपैकीं एक निष्कर्ष काढतो. एक तर आपणांस कानच नाहीं असें समजून तो वाद्य कायमचें कोपऱ्यांत ठेवतो. नाहीं तर हप्त्यानें महाग गिटार आणून घरच्या माणसांवर कर्जाचा बोजा घालतो. हे दोन्ही निष्कर्ष पुष्कळ वेळां चुकीचे असतात. स्वस्त गिटारीचे बहुतेक दोष तार जेथें जेथें टेकते तेथें आणि वीज जेथें जेथें जोडली जाते तेथें असतात. आणि तीं स्थळें सुधारण्यास पैशापेक्षां लक्ष अधिक लागतें.

ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यें तयार करणारीं घराणीं आहेत. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोरा मुका झाला म्हणजे तेथील कारागीर भोपळा बदलीत नाहीं कीं दांडी बदलीत नाहीं. तो घोडीचा पृष्ठभाग अत्यंत बेतानें घांसतो, तार त्यावर निसटती टेकेल असा उतार साधतो, आणि वादक तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा शोधतो. यालाच जवारी लावणें म्हणतात. केसभर फरकानें तोच तंबोरा गुंजूं लागतो. गिटारीची रचना निराळी आहे, आणि तिच्या घोडीवर असा गुंजारव नकोहि असतो. परंतु तार टेकते त्या बिंदूवर सर्व अवलंबून असतें, हें तत्त्व दोन्हीकडे एकच.

आतां विजेची गिटार बोलते कशी तें पाहूं. साध्या गिटारींत तारेचें कंपन पोकळ पेटी मोठें करते. विजेच्या गिटारीस बहुधा पोकळ पेटी नसतेच. तिच्या तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केंसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असलेली गुंडाळी असते. तिला पिकप म्हणतात. वरची तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें, आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमानुसार गुंडाळींत अति क्षीण वीज उत्पन्न होते. ध्वनिवर्धक तिलाच वाढवितो. जॉर्ज बीचम या अमेरिकन वादकानें १९३१ च्या सुमारास या तत्त्वावर गिटार सिद्ध केली व तिचें पेटंट १९३७ सालीं मंजूर झालें. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकींत जो बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, वाजतो, त्याचा पूर्वज ताइशोगोतो हा १९१२ सालीं जपानांत नागोया येथें जन्मला. त्या बेंजोलाहि आतां पिकप बसवितात. त्यामुळें पुढील कांहीं सूचना बेंजोवाल्यांसहि उपयोगी पडतील.

पहिली सुधारणा तारांची. जुन्या तारेवर घाम व गंज बसून तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाहीं, आणि मग ती कोणत्याच पडद्यावर नीट सुरांत येत नाहीं. पिकपास चुंबकाला प्रतिसाद देणारी तार लागते. साध्या गिटारीच्या ब्रॉन्झच्या तारा येथें दुबळ्या पडतात. म्हणून पोलाद-निकेलच्या, विजेच्या गिटारीसाठीं केलेल्या तारा घ्याव्या. खुंटीवर दोन-तीनच वेढे घालावे, आणि नवी तार हलक्या हातानें ओढून पुन्हां सुरांत आणावी. ती ताणून स्थिर होईपर्यंत असें चार-पांच वेळां करावें.

तरीहि सूर उतरत असेल, तर खुंटीला दोष देण्यापूर्वीं दांडीच्या वरच्या टोकाची आडपट्टी पाहावी. तिच्या खांचेंत तार अडकते, आणि खुंटी पिळतांना 'टक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. खांचेंत शिसपेन्सिलीचें टोक घांसलें कीं त्यांतील ग्रॅफाइट वंगणाचें काम करतें. पांच-दहा रुपयांच्या पेन्सिलीनें जें साधतें, त्यासाठीं कित्येक जण सहाहि खुंट्या बदलून बसतात.

बोटें दुखत असतील तर दांडीकडे वळावें. तारांच्या ताणानें व हवेच्या फरकानें दांडी वांकते. खानदेशांत चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि आषाढांत हवा दमट होते. लांकूड दोन्ही सोसतें, पण हालतें. दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई असते. तपासण्यासाठीं एक तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथें धडास मिळते त्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मधल्या सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांमध्यें जाड कागद शिरेल इतकीच फट असावी. फट जास्त असल्यास योग्य मापाच्या चावीनें सळई आवळावी, मुळींच नसल्यास सैल करावी. एका वेळीं पाव फेऱ्यापेक्षां अधिक फिरवूं नये, आणि चावी जड जाऊं लागली तर थांबावें. येथें घाई केली तर सळई तुटते, आणि मग खर्च गिटारीच्या किंमतीइतका होतो. दांडी सरळ झाली म्हणजे घोडीच्या बारीक पेंचांनीं, पडद्यावर तार न खरखरेल इतकीच, तारेची उंची उतरवावी.

त्यानंतर स्वरशुद्धि. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होते. ६४८ मिलिमीटर लांबीची तार तेथें ३२४ मिलिमीटर राहते. बाराव्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तेथेंच दाबून निघणारा सूर हे एकच असावे. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरील त्या तारेचा टेकू मागें सरकवून लांबी वाढवावी. उतरलेला असेल तर पुढें आणावा. सूर मोजण्याचें साधन आतां मोबाइल फोनवर फुकट मिळतें. हें काम अर्ध्या तासाचें आहे, खर्च कांहीं नाहीं. आणि ज्याला आपला कान वाईट वाटत होता त्याला कान चांगला असल्याचें बहुधा याच पायरीवर कळतें.

आतां विजेची बाजू. पिकप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. दोन्ही बाजूंचे पेंच फिरवून तो थोडा खालीं घ्यावा. आवाजाची फिरकी खरखरत असेल तर विद्युत्-संपर्क साफ करणारा फवारा आंत मारून ती पुष्कळदां फिरवावी. वायर हालवितांच आवाज जात असेल तर खोबणीचा ढिला आटा आवळावा, सुटलेला डाख पुन्हां लावावा. रेडिओ-टेलिव्हिजन दुरुस्त करणारा कोणीहि मनुष्य हें करूं शकतो. गुणगुण थांबविण्यासाठीं गिटारीच्या पोटांतील खळगा तांब्याच्या चिकटपट्टीनें आंतून मढवावा आणि ती पट्टी ऋण तारेस जोडावी. मात्र एका गुंडाळीच्या पिकपाची सर्व गुणगुण यानें जात नाहीं. जवळच्या ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रास तांब्याची पातळ पट्टी अडवीत नाहीं. त्यासाठीं परस्परांचा गुणगुणाट खोडून काढणाऱ्या दोन गुंडाळ्यांचा पिकप लागतो. सेथ लव्हर यानें त्याचा अर्ज १९५५ सालीं केला व पेटंट १९५९ सालीं मिळालें.

आवाजाचा रंग बदलणारा कंडेन्सर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. मोठा घातला तर आवाज अधिक जाड होतो. हा भाग कांहीं रुपयांत मिळतो. त्याच मूल्याचा दहापट किंमतीचा कंडेन्सर विकणारे आहेत. परंतु आवाज मूल्यावर ठरतो, वेष्टनावरील नांवावर ठरत नाहीं.

येथपर्यंतच्या सुधारणा आवाजाच्या झाल्या. पुढील एक जिवाची आहे. गिटारीच्या तारा घोडीमार्फत ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाचा हात त्या सांगाड्यावरच असतो. त्या यंत्राचा भूमीशीं संबंध तुटलेला असेल आणि आंत कांहीं बिघाड झाला, तर २३० व्होल्टची वीज तारांत येऊं शकते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक रंगमंचावर अर्थ न जोडलेल्या ध्वनिक्षेपकास हात लावतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. तीन टोंचांच्या प्लगांतील वरचा जाड टोंच याच कामासाठीं असतो. गुणगुण कमी होते म्हणून तो काढून टाकणें, किंवा दोन टोंचांचा जोड लावून मंडपांत यंत्र चालविणें, ही काटकसर नव्हे. तारांना हात लावतांच गुणगुण कमी झाली तर गिटारीचें आंतलें आवरण अपुरें आहे, इतकेंच समजावें. परंतु ध्वनिक्षेपकास ओठ लागतांच किंचित् जरी झिणझिणी आली, तर वादन तत्काळ बंद करून वायरमनास बोलवावें. सार्वजनिक कार्यक्रमांत तीस मिलिॲम्पिअरवर वीज तोडणारी कळ बसवून घ्यावी. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घरीं उघडूं नये. प्लग काढल्यावरहि त्याच्या कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट उरतात.

या उपायांनीं सर्वच साधतें असें नाहीं. दांडी पिळलेली असेल, पडदे पार झिजले असतील, तर काम कुशल कारागिराचें. आणि खर्च वाद्याच्या किंमतीहून अधिक होत असेल तर तें सोडून देणेंच शहाणपणाचें. पण तो निर्णय शेवटीं घ्यावयाचा. क्रम असा ठेवावा: प्रथम अर्थ तपासावा, मग तारा, आडपट्टी, दांडी, घोडी, पिकप, नंतर डाख व आवरण, आणि सर्वांत शेवटीं विकतचे भाग. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, दोन दिवस वाजवून ऐकावें, आणि काय बदललें तें वहींत तारखेसह टिपून ठेवावें. शेजारचा दुसरा विद्यार्थी उद्यां तीच अडचण घेऊन आला, तर ती वही त्याच्याहि उपयोगी पडेल.