वेगमापकाचा कांटा



माझें आयुष्य काळ-काम-वेगाचीं उदाहरणें शिकविण्यांत गेलें. त्या उदाहरणांतील आगगाडी नेहमीं ताशीं नेमक्या साठ वेगानें जात असे. तिचा वेग मोजला कुणीं, असा प्रश्न एकाहि मुलानें कधीं विचारला नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर माझ्याहि मनांत तो आला नाहीं. तो आला निवृत्तीनंतर, एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोटारींत बसून मुंबई-पुणें द्रुतगति मार्गानें जातांना. तेथें सपाटीवर मोटारींस ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा आहे. कांटा १०५ वर गेलेला पाहून मीं त्यास हटकलें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, हा कांटा वाढवून सांगतो. पांच वजा करावयाचे." पंधरा दिवसांनीं त्याच्या भ्रमणध्वनीवर दंडाचें चलान आलें, तेव्हां तो तक्रार घेऊन माझ्याकडे आला, जणूं वजाबाकी मींच चुकीची शिकविली होती!

त्याची वजाबाकी एके काळीं बरोबर होती. मध्यंतरीं त्यानें टायर बदलले होते, एवढेंच. हें कोडें उलगडण्यासाठीं कांटा मोजतो तरी काय, तें पाहिलें पाहिजे.

वेगमापकास रस्ता दिसत नाहीं. त्यास फक्त फेरे कळतात. १९०२ सालीं ओटो शुल्झे या संशोधकानें ज्या जातीच्या वेगमापकाचें पेटंट घेतलें, ती जात पुढें कित्येक दशकें मोटारींत नांदली. गिअरपेटीकडून आलेली तार एका लोहचुंबकास फिरवी. त्याच्यालगत असलेली धातूची वाटी, चुंबकास शिवत नसतांहि, त्याच्या ओढीनें वळूं पाही. आणि एक बारीक कमान तिला मागें खेंची. या ओढाताणींत कांटा जेथें स्थिर होई, तो वेग. चुंबक दुबळें झालें कीं कांटा मागें राही, कमान सैल झाली कीं पुढें धांवे. अलीकडील गाड्यांत तारेचें काम सेन्सर करितो आणि हिशेब संगणकाकडे असतो. परंतु हिशेबाचें गृहीत तेंच राहिलें आहे : चाकाच्या एका फेऱ्यास इतका रस्ता.

आतां हें "इतका" कोठून आलें? टायरच्या मापावरून. १८५/६५ आर १५ असें टायरवर लिहिलेलें असेल, तर त्याची रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा ६५, आणि आंतील चाकाचा व्यास १५ इंच. उदाहरण सोडविलें कीं बाहेरचा व्यास सुमारें ६२ सेंटीमीटर येतो व परीघ सुमारें १९५. गाडीच्या भारानें टायर खालीं दबतो, म्हणून प्रत्यक्ष फेरा याहून थोडा आंखूड पडतो. नव्या टायरची नक्षी सुमारें ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ वर आली म्हणजे टायर टाकून द्यावयाचा. एवढ्या झिजेनेंहि परीघ शेंकडा दोनांनीं घटतो. चाक तेवढ्याच रस्त्यास अधिक फेरे घेतें आणि कांटा वेग वाढवून सांगतो.

माझ्या विद्यार्थ्यानें उलट केलें. गाडी ऐटदार दिसावी म्हणून त्यानें १८५ च्या जागीं २०५ चे टायर बसविले. व्यास शेंकडा चारांहून थोडा अधिक वाढला. फेरे तेवढेच, रस्ता मात्र जास्त. म्हणजे पूर्वीं कांट्यानें दाखविलेले १०५ खरे १०० असत, ते आतां १०४ झाले. कांटा जवळजवळ खरें बोलूं लागला होता, आणि हा पठ्ठ्या अजून त्यास खोटाच समजत होता!

कांटा मुळांत वाढवून सांगतो, तो कांहीं कारखानदाराच्या हलगर्जीपणानें नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ वा नियम असा आहे कीं, दाखविलेला वेग खऱ्याहून कधींहि कमी नसावा. अधिक असल्यास खऱ्या वेगाचा दशांश आणि वर ४ किलोमीटर, यांहून अधिक नसावा. खरे ८० असतांना ९२ पर्यंत दाखविलेले चालतात. ७९ चालत नाहींत. टायरांत उणें-अधिक व्हावयाचेंच, म्हणून कारखानदार कांटा आधींच थोडा पुढें ठेवतो.

जातां जातां एक घरगुती गोष्ट. कांट्याची खरी तबकडी असेल तर डावीकडे बसलेल्यास कांटा तिरपा दिसतो. तो उभा असतांना तर चार घरें पुढेंच भासतो. गृहिणीनें "किती जोरांत हांकतां!" म्हटलें, तर तिच्या जागेवरून तें अगदीं प्रामाणिक असतें.

पारख करणें कठीण नाहीं. प्रथम थंड टायरांत सांगितली तेवढी हवा भरावी. तिचा परिणाम आजच्या टायरांत थोडा, पण उगाच शंका नको. मग सरळ, सपाट व मोकळ्या रस्त्यावर कांटा एका आंकड्यावर स्थिर ठेवावा, आणि शेजाऱ्यानें किलोमीटरचे दगड पाहून सेकंद मोजावेत, चालकानें नव्हे. ३६०० ला एका किलोमीटरच्या सेकंदांनीं भागिलें कीं ताशीं वेग येतो : ४५ सेकंद म्हणजे ८०, ४० म्हणजे ९०. एका दगडावर विसंबूं नये, पांच तरी घ्यावेत. उपग्रहांवरून वेग सांगणारा भ्रमणध्वनीहि चांगला साक्षीदार आहे. मात्र बोगद्यांत तो आंधळा होतो आणि वेग बदलतांना मागें राहतो. अंतर दाखविणाऱ्या आंकड्यांवरून कांट्याची परीक्षा करूं नये. वेग मुद्दाम वाढवून दाखविला जातो, तसें अंतर सहसा दाखविलें जात नाहीं.

चूक किती तें कळल्यावर कांटा उघडून घेण्याच्या फंदांत पडूं नये. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा टायरचें माप चिकटविलेलें असतें. तें पाळावें, आणि टायर बदलल्यावर पारख पुन्हां करावी.

माझ्या विद्यार्थ्यानें दंड भरला. नंतर एका सकाळीं मला शेजारीं बसवून त्यानें कांटा १०० वर धरिला. मीं घड्याळ पाहिलें. ५ किलोमीटरांस १८२ सेकंद लागले. खरा वेग किती, तें श्रोत्यांनीं स्वतः काढावें.