वेष आणि व्यक्तिमत्त्व

(धाड येथे भरलेल्या आपल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शिक्षण, वसतिगृह, वधू-वर परिचय अशा भारदस्त विषयांवर येथे बोलणे झाल्यानंतर मी कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळींना हसू आले, ते मी पाहिले. नटणे-मुरडणे हा काय सभेचा विषय झाला, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु आपण शिंपी आहोत. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन आपण आपला प्रपंच चालविला. संत नामदेवांनी (१२७०–१३५०) गज, कातर आणि सुई-दोरा यांनाच भक्तीची रूपके केली आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराचे स्थान पावली. आपल्या हातातील हत्यारांनी नामदेवांना अंतरीचे बोलता आले. मग त्याच हत्यारांनी शिवलेल्या वस्त्रातून साध्या माणसालाही आपले मन बोलून दाखविता येईल की नाही, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

वस्त्र लज्जारक्षणासाठी, थंडीवाऱ्यासाठी, हे खरे. पण तेवढेच असते तर सर्वांनी एकाच रंगाची पोती पांघरली असती. बाजारच्या दिवशी दुकानात बसून पाहावे. एकाच ताग्यातले कापड दोघे जण नेतात; एकाला खिसा डावीकडे हवा असतो, दुसऱ्याला बाही चार बोटे आखूड. लुगडे घेताना बाई आधी काठ पाहते, मग पदर उलगडते, मग उन्हात नेऊन रंग पाहते. अर्धा तास जातो. दुकानदार कंटाळतो, बरोबरचा गडीमाणूस चुळबुळ करतो. त्या अर्ध्या तासात ती बाई नुसते कापड निवडीत नसते. मी कोण आणि कशी दिसावी, हे ती स्वतःशी ठरवीत असते. दिवसभर दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे राबणाऱ्या माणसाला एवढीच एक गोष्ट स्वतःच्या मनाने करावयास मिळत असेल, तर तिला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

ही आवड शिकावयास परगावी जावे लागत नाही. आपला वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. एके काळी खामगावची कापसाची पेठ सातासमुद्रापलीकडच्या गिरण्यांना ठाऊक होती. अजिंठ्याचे डोंगर येथून दूर नाहीत. तेथील भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी राजे-राण्यांबरोबर दासदासीही रंगविल्या. त्यांच्या अंगावरचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड आजही ओळखू येते. आणि अजिंठ्यालाही जाणे नको. घरातली गोधडी उलगडून पाहावी. उरल्यासुरल्या चिंध्या, जुनेर, फाटका सदरा, मुलीचा लहान झालेला परकर. त्यांतून कोणता तुकडा कोणाशेजारी लावावयाचा, हे आपल्या आया-आज्यांना कोणी शिकविले? पैशाविना सौंदर्य कसे साधावे, याचा याहून उत्तम धडा मला ठाऊक नाही.

अंगावरच्या कपड्याची निवड मात्र सर्वांना सारखी मोकळी नव्हती. कोणी काय नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे जातीने आणि रूढीने ठरवून दिलेले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना उद्देशून भाषण केले. जात ओळखू यावी अशा रीतीने लुगडे आखूड नेसणे आणि जुन्या धर्तीचे दागिने अंगावर वागविणे सोडून द्या, असा त्यांचा उपदेश होता. वेषही गुलामीची खूण होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते. उलट, १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. जरीच्या पोशाखांच्या त्या गर्दीत, खरा हिंदुस्थान कोणता, हे त्यांच्या अंगावरच्या कपड्यांनीच सांगितले. एकाने खेडवळ वेष टाकावयास सांगितले, दुसऱ्याने तोच मुद्दाम धारण केला. यात विरोध नाही. लादलेला वेष आणि निवडलेला वेष यांतला हा फरक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा फरक आपल्याच जिल्ह्यातील एका बाईने फार पूर्वी दाखवून दिला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडली जात होती. त्याला दिलेले हे उत्तर होते. पुरुषांनी परक्यांचा पोशाख, खाणेपिणे उचलले तरी त्यांचा धर्म शाबूत आणि धर्म राखण्याचे ओझे तेवढे बायकांच्या, त्यातही विधवांच्या डोक्यावर, हा कोणता न्याय, असा त्यांचा रोख होता. ताराबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या घरात दिले आहे काय?

येथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझी एक आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. तिच्या अंगावर मी मातकट आणि करड्या रंगांशिवाय दुसरा रंग कधी पाहिला नाही. काज-बटणाचे सारे काम तिच्याकडे असे. रात्री दुकानातल्या चिंध्या घेऊन ती गोधड्या शिवी. त्या गोधड्यांत लाल, पिवळा, पोपटी, गुलबक्षी असे रंग एकमेकांशेजारी असे काही बसत की पाहणाऱ्याने पाहातच राहावे. भावकीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिचीच गोधडी हवी असे. आम्ही सर्वांनी तिच्या हाताचे कौतुक केले. परंतु हे सारे रंग गोधडीतच का जातात, असे आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारले नाही.

ती थकल्यावर माझ्या मुलीने पहिल्या पगारातून तिला हिरव्या काठांचे एक लुगडे आणले. आत्याने ते मांडीवर घेतले, काठावरून बोट फिरविले आणि म्हणाली, “पोरी, रंग बाकी छान निवडलास.” मग ते ट्रंकेत ठेवून दिले. ती गेल्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा ते तसेच होते. त्याची घडी मोडलेली नव्हती. “तिला हिंमत झाली नाही,” असे मी पुष्कळ दिवस म्हणत असे. वस्तुतः हिंमत आम्हांला झाली नव्हती. “आत्या, आज नेस,” हे तीन शब्द घरातल्या कर्त्या माणसाने उच्चारावयास हवे होते. तो कर्ता माणूस मी होतो. जन्मभर मी हजारो लोकांची मापे घेतली. घरातल्या एका माणसाचे माप माझ्याकडून चुकले.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या आणि पुढे राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरविण्यास सांगितले. एक खेडे जे करू शकते, ते सुई-दोऱ्यावर जगलेल्या समाजाला अवघड का वाटावे?

तरुण मित्रांना थोडे वेगळे सांगावयाचे आहे. आज तयार कपड्यांचे दिवस आहेत. शहरातील, परदेशातील तरुण जे घालतो ते चार दिवसांत आपल्या गावीही येऊन पोहोचते. त्याचा मला राग नाही, यद्यपि आपल्या धंद्यावर त्याचा घाव बसला आहे. पण सर्वांनी घातले म्हणून आपण घालणे, ही रूढीच झाली. फक्त ती आजोबांकडून न येता जाहिरातीकडून आली, एवढेच. कर्ज काढून लग्नात मिरविलेला शेरवानी-कोट एक दिवस बोलतो आणि मग हप्त्यांच्या रूपाने वर्षभर ओरडत राहतो. संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि जवळ फुटके गाडगे असे. त्या वेषापुढे मोठमोठे मंत्री हात जोडीत, कारण तो वेष आणि तो माणूस एकच होते. स्वच्छ धुतलेला, नीट मापाचा, आपल्या कामाला आणि स्वभावाला शोभणारा कपडा घालावा. सदरा उसवला तर टाकून न देता शिवावा. उठून दिसण्याची धडपड न करता आपल्यासारखे दिसावे.

कार्यकारिणीपुढे माझ्या दोनच सूचना आहेत. पहिली, पुढील मेळाव्यात समाजातील स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्यांचे व कपड्यांचे प्रदर्शन भरवावे आणि प्रत्येक वस्तूपुढे शिवणारीचे नाव लिहावे. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवास समाजातील सर्व स्त्रियांना सारख्या मानाने बोलवावे आणि वाण देताना कोणाचाही हात आखडू नये. यास पैसा लागत नाही. आपल्यापैकी चार कर्त्या पुरुषांनी आणि चार वडीलधाऱ्या बायकांनी आधी पुढे व्हावे लागेल.

ते हिरव्या काठांचे लुगडे अजून आमच्या घरी आहे. ते गोधडीत घालावे की कोणाला नेसावयास द्यावे, याचा निर्णय मी केलेला नाही. आपल्या समाजातील एखाद्या भगिनीने ते मागून घेतले आणि याच मंडपात नेसून ती पुढच्या वर्षी बसली, तर माझे आजचे बोलणे वाया गेले नाही, असे मी समजेन.